खानदेशात माउंटन बायकिंग : सुरुवात कुठून करायची

परदेशातल्या व्हिडिओंमध्ये दिसतात तशा रंगीत पाट्यांच्या वाटा खानदेशात शोधू नका. तिकडे हिरवा गोल म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे जपून. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत ट्रेल म्हणजे शेतातली गाडवाट, दोन बांधांमधली पाणंद, कालव्याच्या भरावावरचा रस्ता, कुरणातून गुरांनी पाडलेली वाट आणि जंगलात वणवा अडवायला वनविभागाने मारलेली जाळरेषा. या वाटा सायकलसाठी कुणी केलेल्या नाहीत. म्हणून कुठली वाट सोपी नि कुठली अवघड, हे आपणच ठरवायचं असतं, आणि ते ठरवण्यात चढापेक्षा माती, काटा आणि ऊन या तीन गोष्टींचा हात मोठा असतो. या तिघांशी जमवून घेतलं की बाकीचं शिकणं सोपं आहे.

आधी माती बघा

सायकलवाल्यासाठी खानदेशाचा नकाशा सरळ आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, नैऋत्येला गाळण्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेला वाहणारी तापी. नदीच्या दोन्ही अंगांना कपाशी-केळीची काळी जमीन, आणि डोंगराकडे सरकत गेलं की मुरमाड बरड. सायकल चालवायची ती बरडावर. काळ्या जमिनीतून फक्त कोरड्या दिवसांत, आणि तेही मळलेल्या वाटेनेच.

कारण साधं आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत शिरलात तर शंभर पावलांच्या आत चाक आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, यांच्यातली फट भरून जाते, ब्रेक घासायला लागतात, आणि जोर लावून पायडल मारलं तर मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारं यंत्र, ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती हँगरची पट्टीच मोडते. मग सायकल खांद्यावर. मुरमात पाणी मुरतं, तासाभरात वाट चालण्याजोगी होते. शंका आली तर उतरून दहा पावलं चाला. बुटाला माती चिकटली की परत फिरा. चार दिवस कडक ऊन पडल्याशिवाय काळ्या वाटेच्या नादी लागायचं नाही.

बाकी वर्षाचा हिशेब असा. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सोन्यासारखा. पावसाळ्यात फक्त मुरूम किंवा डांबर. मार्चपासून पहिला चांगला पाऊस होईपर्यंत दिवस उजाडताना निघायचं आणि साडेआठपर्यंत घरी यायचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत 'थोडंसंच राहिलंय' म्हणत दहा वाजेपर्यंत रेटणाऱ्याला शूर म्हणायचं काही कारण नाही. घाम यायचा थांबला, डोकं ठणकायला लागलं, बोलणं अडखळायला लागलं, तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. सावली, अंगावर पाणी आणि दवाखाना, याच क्रमाने.

सायकल कोणती घ्यावी

इथे नवखे सगळ्यात जास्त पैसे चुकीच्या ठिकाणी घालतात. स्वस्तातली 'डबल सस्पेंशन' सायकल दुकानात फार देखणी दिसते. तिचं मागचं स्प्रिंग चढावर तुमची अर्धी ताकद खातं आणि सायकलचं वजन वाढवून ठेवतं. पहिली सायकल पुढे सस्पेंशन फोर्क, मागे सरळ फ्रेम, दोन्हीकडे डिस्क ब्रेक आणि कमीत कमी 2.1 इंच रुंदीचे गुटक्यांचे टायर, एवढी असली की पुष्कळ. चाक 27.5 इंची की 29 इंची, यावर दुकानात तासभर वाद घालता येतो; उंची बेताची असेल तर 27.5 सोयीचं पडतं, एवढंच. गिअर किती आहेत त्यापेक्षा सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते विचारा, कारण सातपुड्यात तोच कामाला येतो.

माप दुकानातच बघा. सायकलवर दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर मधल्या दांडीपासून दोन इंच तरी मोकळी जागा हवी. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली की सगळ्यात खालच्या टोकाला पाय सरळ व्हावा. चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो, म्हणजे गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. सीट खाली ठेवून चालवणारे पुढे गुडघेदुखी घेऊन येतात.

सायकलमधून वाचलेले पैसे हेल्मेट, हातमोजे, साधा चष्मा, हातपंप आणि जास्तीच्या ट्यूबांवर घाला. चष्मा मिरवायला नाही, बाभळीच्या फांद्या बरोबर डोळ्यांच्या उंचीवर असतात म्हणून.

काटा : इथे घाई करू नका

खानदेशात सायकल शिकणं म्हणजे निम्मं पंक्चर काढायला शिकणं. तीन शत्रू आहेत. पहिला सराटा, म्हणजे गोखरूचं फळ. पावसाळ्यानंतर ते वाळून वाटेवर सांडतं आणि कसंही पडलं तरी एखादं टोक वर असतंच. दुसरा बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा. शेताला काट्यांचं कुंपण घालायचे दिवस आले की फांद्या वाटेवरूनच ओढत नेल्या जातात, आणि काल साफ असलेली पाणंद आज काट्यांनी भरलेली मिळते. तिसरा शत्रू बाहेरून आलेल्यांना माहीत नसतो : पऱ्हाटीचे खुंट. कपाशी निघाल्यावर पऱ्हाट्या तिरक्या कापल्या असतील तर मागे राहिलेले खुंट टायरची बाजूची भिंत फाडतात, आणि फाटलेल्या भिंतीवर साधं पॅच टिकत नाही. म्हणून मोकळं दिसलं तरी कपाशीच्या वावरात सायकल घालायची नाही. ते वावर दुसऱ्याचं असतं, ही गोष्ट वेगळीच.

उपाय दोन. ट्यूबच असेल तर टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये लायनरची पट्टी टाका आणि ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा चिकट द्रव, भरा. खर्च करायची तयारी असेल तर ट्यूबलेस करून घ्या. सराट्यांच्या मुलखात त्याहून शहाणपणाचा खर्च मला तरी माहीत नाही. फक्त एक लक्षात असू द्या, सीलंट आपल्या उन्हात लवकर सुकतं. डब्यावर काहीही लिहिलेलं असो, दोन महिन्यांनी उघडून बघा. ट्यूबलेस टायरमध्ये घुसलेला काटा वाटेत उपटू नका. तो स्वतःच बूच झालेला असतो. ट्यूबच्या टायरमध्येही हवा हळूहळू जात असेल आणि घर जवळ असेल तर काटा तसाच राहू द्या, हवा मारा आणि निघा.

ट्यूब घेताना व्हॉल्व्हकडे बघा. महागड्या सायकलींना बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह येतो आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे त्याचं तोंड नसतं. चाकाच्या रिमला जाड भोक असेल तर मोटारसायकलसारखा श्रेडर व्हॉल्व्ह असलेलीच ट्यूब घ्या, म्हणजे धडगाव असो की धरणगाव, कुठेही हवा भरता येते. प्रेस्टाच असेल तर छोटंसं पितळी अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यात कायम अडकवून ठेवा. कॉम्प्रेसरने हवा भरताना दुकानदाराला आधीच सांगा, 'भाऊ, हळू.' ट्रक-ट्रॅक्टरच्या सवयीने तो एका फटक्यात टायर दगडासारखा करून देतो. सत्तर किलोच्या माणसाला ट्यूबच्या टायरमध्ये 30 ते 35 पीएसआय पुरतं, पुढच्या चाकात थोडं कमी. त्याहून बरंच कमी ठेवलं तर दगडावर ट्यूब रिमखाली चेमटून शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात.

वाटेत पंक्चर काढायचा क्रम घरी एकदा करून बघा, कारण भर उन्हात व्हिडिओ उघडेलच असं नाही. सायकल सावलीत घ्या. चाक काढायच्या आधी साखळी सगळ्यात छोट्या चाकीवर आणा, परत बसवताना त्रास वाचतो. उरलेली हवा सोडा, टायरची कड दोन्ही अंगठ्यांनी आत दाबत सगळीकडून मोकळी करा आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घाला. ट्यूब बाहेर आली की थोडी हवा भरून ती गालाजवळ फिरवा, बारीक भोकाची फुंकर तिथे कळते. भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच धरून काटा कुठे असेल ते ताडा. मग टायरच्या आतून फडकं फिरवा. बोट फिरवू नका, काटा बोटाला आधी सापडतो. एक काटा मिळाला म्हणून थांबू नका. इथे काटे एकेकटे येत नाहीत. छोट्या चिमट्याने सगळे उपटा, नवी ट्यूब थोडी फुगवून बसवा आणि जुन्या ट्यूबला पॅच घरी लावा. सोल्यूशन सुकू न देता घाईने चिकटवलेलं पॅच उन्हात सुटतं.

पिशवीत काय हवं : दोन ट्यूब, पॅचचं पाकीट, लिव्हर, पंप, एलन-कीचा संच, साखळी जोडायची क्विक लिंक आणि साखळी तोडायचं हत्यार, चिमटा, जुन्या टायरचा हातभर तुकडा. भिंत फाटली तर तो तुकडा आतून लावून घरापर्यंत येता येतं. दोन्ही ट्यूबा संपल्या तर टायरमध्ये वाळलं गवत किंवा कडबा गच्च कोंबून सावकाश चालवा. चाल बेंगरूळ होते, पण रिम वाचते.

पहिला टप्पा : तलावाकाठ

सुरुवात सपाटीवर करा. जळगावकरांना मेहरूण तलाव आहे, धुळेकरांना नकाणे आणि डेडरगावचे तलाव. शहर जवळ, अंतर हातात, काही बिघडलं तर चालत परत येता येतं. मेहरूणला सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ असते, तेव्हा एकतर खूप लवकर जा किंवा घंटी वाजवत, हळू जा. हिवाळ्यात तिथल्या बोरांसाठी थांबायला हरकत नाही.

काठावर चार गोष्टी घोटून घ्या. नजर चाकापुढे नको, चार-पाच सायकली लांब हवी. चाक तुमच्या नजरेमागे जातं, खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. गिअर चढ लागायच्या आधी बदला. चढावर ताकद लावलेली असताना बदलला की साखळी किंचाळते, कधी तुटतेही. ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडल धरायला. आणि पायडल मारत नसाल तेव्हा दोन्ही पायडल जमिनीला समांतर, सीटवरून किंचित उठलेले, कोपर-गुडघे सैल. ही शेवटची गोष्ट पुढे डोंगरात तुम्हाला सायकलवर टिकवून ठेवणार आहे, म्हणून ती कंटाळा येईपर्यंत करा.

जरा मोठा पल्ला हवा असेल तर हतनूर धरणाचा फुगवटा. चांगदेवजवळ तापी आणि पूर्णा एकत्र येतात, पुढे धरणाने पाणी अडवल्यामुळे दूरवर पसरलंय, आणि हिवाळ्यात तिथे स्थलांतर करून आलेल्या पक्ष्यांचे थवे उतरतात. काठच्या गावांमधून गाडवाटांनी जाता येतं. पण पाण्याच्या अगदी कडेला सायकल नेऊ नका. पाणी मागे हटल्यावर उघडी पडलेली गाळाची जमीन वरून पापडी धरते, आत मऊच असते. चाक हातभर रुततं आणि काढताना बूट तिथेच राहतो. शिवाय त्या गाळपेरीच्या जमिनीवर कुणीतरी काहीतरी पेरलेलं असतं. धरणाच्या भिंतीवर आणि दरवाज्यांजवळ जायला परवानगी नसते. पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात सकाळ घालवू नये.

कालव्याचे रस्तेही याच टप्प्यात येतात. भरावाचा मुरूम, दोन्हीकडे केळीच्या बागा, चढ जवळपास नाही. फक्त कालवा भरून वाहत असेल तेव्हा कडेने नाही, मधोमध चालवा. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही.

दुसरा टप्पा : कुरण आणि मुरूम

दोन-तीन महिने काठावर घालवले की हात-पाय सैलावतात. मग मुरमाकडे वळा.

जळगावात मोहाडी रस्त्यावरचं लांडोरखोरी वनोद्यान सगळ्यांना माहीत आहे. आत सायकल नेण्याआधी गेटवर विचारा, कारण उद्यान मुख्यतः पायी फिरणाऱ्यांचं आहे. धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा महामार्गालगत, लळिंगचा किल्ला आणि त्याच्या आसपासचं कुरण आहे. चढ-उतार, गवत, मुरूम, मध्येच खडकाचे पाट, म्हणजे नवख्याला लागतं ते सगळं एकाच ठिकाणी. इथल्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 31 जुलै 1937 रोजी मुक्कामाला होते. त्यामुळे दरवर्षी 31 जुलैला तिथे हजारो लोक येतात. त्या दिवशी जायचं ते अभिवादनाला, सायकलिंगला नाही. कुरणही वनविभागाचं आहे, तेव्हा ठरलेल्या वाटेवरूनच फिरायचं.

धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या सरळ, अरुंद टेकड्या मैलोन् मैल गेलेल्या दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांमधून वर येऊन तिथेच थिजला, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला आणि ही कठीण भिंत उभी राहिली. भूगर्भशास्त्रात तिला डाइक म्हणतात. सायकलवाल्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की तिच्या माथ्यावर सुटे धारदार धोंडे असतात. माथ्यावर चढायचा मोह आवरा, पायथ्याच्या गुरांच्या वाटेने जा.

मुरमावर तीन प्रसंग वारंवार येतात. चढावर चाक जागच्या जागी फिरायला लागलं तर उभं राहून पायडल मारू नका. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे झुकवा, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही आणि मागचं पकड सोडत नाही. उतारावर उलट : वजन मागे, टाचा खाली, दोन्ही ब्रेक थोडे-थोडे. पुढच्या ब्रेकला घाबरून फक्त मागचाच दाबणारे घसरतात. खरी थांबवायची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे, फक्त तो वळणावर दाबायचा नाही. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा. तिसरा प्रसंग कोरड्या नाल्यातल्या रेतीचा. हलका गिअर आधीच टाका, हँडल सरळ आणि सैल धरा, पाय थांबवू नका. रेतीत हँडल वळवलं की आडवं पडणं ठरलेलं.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, आणि त्यांच्यापर्यंत जाणारे मुरमाचे रुंद रस्ते सरावाला चांगले आहेत. वारा मात्र अंगावर घ्यावा लागतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध निघा, म्हणजे थकल्यावर परतीला तो पाठीशी असतो. पहारेकऱ्याने अडवलं तर मुकाट्याने मागे फिरा.

शेत आणि माणसं

नकाशावर वाट कशी शोधायची ते आधी सांगतो. उपग्रहाच्या चित्रात पांढुरकी रेघ म्हणजे मुरूम, काळपट रेघ म्हणजे काळी जमीन, आणि दोन झाडांच्या ओळींमधली रेघ म्हणजे बहुतेक पाणंद. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. सातपुड्याच्या घळीत शिरलं की नेटवर्क जातं.

पण खात्री माणसाकडूनच होते. वाटेत कुणी भेटलं तर उतरून राम राम करा. "कथा जाई राह्यना भाऊ?" म्हणजे कुठे चाललास, असं अहिराणीत विचारतील. सांगा मोकळेपणाने. अंतर विचारू नका, उत्तर 'हे काय, इथंच' असंच येतं आणि ते इथंच दहा किलोमीटर निघतं. त्याऐवजी विचारा, 'पुढे मोटारसायकल जाते का? बैलगाडी जाते का?' मोटारसायकल जात असेल तर तुम्ही आरामात जाल. फक्त माणूस जात असेल तर नवख्याने जाऊ नये. गडी तुम्हाला पोचवायला निघाला तर त्याला थांबवू नका, बाकीच्या वाटेची माहिती त्यातच मिळते.

शेतातून जाताना ठिबकच्या नळ्यांवरून सायकल घालायची नाही. जळगाव जिल्ह्यात केळीच्या प्रत्येक ओळीत त्या असतात, आणि एक नळी फुटली की ओळच्या ओळ कोरडी राहते. वाटेवर नळी आडवी असेल तर सायकल उचला. गेट बंद होतं तर बंद करून निघा, उघडं होतं तर उघडंच ठेवा.

अंधारात बांधावरून अजिबात चालवू नका. रानडुकरांसाठी काही ठिकाणी तारांमध्ये करंट सोडतात. सौर झटका मशीनचा धक्का जिवावर बेतत नाही, पण थेट विजेच्या लाइनवरून सोडलेला करंट जीव घेतो. ते बेकायदेशीर आहे, तरी दरवर्षी कुठेतरी घडतं. तार दिसली की ती चालू आहे असंच समजा.

मेंढपाळांच्या वाड्याजवळ कुत्री अंगावर येतात. जोरात पळवून सुटू असं वाटतं. खडबडीत वाटेवर ते जमत नाही. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा, धन्याला हाक मारा आणि चालत पुढे व्हा. कळपाजवळही उतरूनच जायचं, मेंढ्या बिथरल्या तर गोळा करायला त्या माणसाचा तास जातो.

पाणी दर तासाला अर्धा ते एक लिटर धरा आणि एक बाटली नेहमी हातची ठेवा. नुसतं पाणी उपयोगाचं नाही, ओआरएसची पुडी किंवा मीठ-साखर लागते. पाड्यावर मागितलं तर पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. सकाळची राइड संपवून आल्यावर भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली तर उत्तम. मात्र भरीत खाऊन चढावर निघणाऱ्याचं काय होतं ते त्याने स्वतःच अनुभवावं.

जंगल : परवानगी आधी, वाट नंतर

रावेर तालुक्यातलं पाल आणि त्याच्या भोवतीचं यावल अभयारण्य, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीभोवतीचं गौताळा-औट्रम घाट अभयारण्य, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य, ही तिन्ही ठिकाणं सायकलवाल्यांच्या यादीत असतात. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू आहे. परवानगीशिवाय आत शिरणं हा गुन्हा आहे, आणि सायकलला आवाज नाही, धूर नाही म्हणून सूट मिळत नाही. उलट आवाज नसल्यामुळेच ती धोक्याची. अस्वलाला तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही, आणि दचकलेलं अस्वल पळून न जाता अंगावर येतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात तेव्हा पहाटे मोहाखाली अस्वलं येतात, फुलं वेचायला माणसंही येतात. त्या वेळेला त्या झाडांखालून जायचं नाही.

रीत अशी : वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी जाऊन किंवा फोन करून विचारा, कुठला रस्ता खुला आहे, वेळ काय, सोबत कुणाला घ्यावं लागतं. सांगतील त्याच रस्त्याने जा. फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचे दिवस सुरू होतात, सागाची पानं वाळून गुडघाभर पडतात. सिगारेट, चूल, काहीही नको. जळतं जंगल दिसलं तर 1926 या वनविभागाच्या हेल्पलाइनवर कळवा. इतर अडचणीला 112, रुग्णवाहिकेला 108.

मुक्ताईनगरकडचं वढोद्याचं जंगल, म्हणजे मुक्ताई-भवानी राखीव क्षेत्र, वाघांच्या वावराचं आहे. तिथे सायकल नकोच. यात धाडस वगैरे काही नाही.

नवख्याला पहिलं जंगल म्हणून मी पद्मालय सांगेन. एरंडोलपासून साधारण दहा किलोमीटर, रस्ता ठीक, चढ बेताचे, दोन्ही अंगांना झाडी. वर कमळांचं तळं आणि उजव्या-डाव्या सोंडेचे दोन गणपती. चतुर्थीला गर्दी असते, तेवढे दिवस सोडा. त्यानंतर पाटणादेवी. चाळीसगावपासून रस्त्याने अठरा किलोमीटरच्या आसपास, आत अभयारण्य. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तिथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे सायकल टेकवून थोडा वेळ काढायला हरकत नाही. कड्यांवर आग्या मोहोळ असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, गाणी वाजवू नका.

यावल तालुक्यातलं मनुदेवीचं देवस्थान त्याही नंतर ठेवा. पायथ्याच्या वाटेवर नाल्याचे गोटे लागतात, आणि गोट्यांवरून सायकल न्यायला हात तयार लागतो. पावसाळ्यात धबधब्याच्या ओढीने गर्दी होते. सातपुड्याच्या नाल्यांचा भरवसा नसतो, तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस झाला तर कोरड्या नाल्याला लोंढा येतो. पाणी गढूळ होऊ लागलं, काड्या-कचरा वाहून यायला लागला की ज्या काठावर आहात तिथेच थांबा.

तोरणमाळ घाईने नको

सगळ्यांना पहिल्याच महिन्यात तोरणमाळला जायचं असतं. नंदुरबार जिल्ह्यात, साधारण 1,150 मीटर उंचीवर, वर यशवंत तलाव आणि सीताखाईचा कडा. तिथे जाण्यासारखंच आहे. पण शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर आणि शेवटी सातपायरी घाट, म्हणजे एका दिवसात चढून त्याच दिवशी उतरणं नवख्याचं काम नाही. सलग साठ किलोमीटर मुरूम-डांबर मिळून थकवा न येता करता आलं की मग ठरवा. वर मुक्कामाची सोय आधी करा. हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा जर्किन पिशवीत हवं. पहिल्या खेपेला सायकल पिकअपमध्ये टाकून वर न्या आणि तलावाच्या आसपासच्या वाटा फिरा. काही जण याला लबाडी म्हणतात. म्हणू द्या.

चढापेक्षा उतार जास्त जपायचा असतो. निघायच्या आधी ब्रेकचे पॅड बघा. अस्तर एक मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर बदला, आणि बदली जोड पिशवीत ठेवा, कारण वाटेत डिस्कचे पॅड मिळणार नाहीत. घाटात ब्रेक सतत दाबून ठेवले की डिस्क तापते आणि पकड ढिली पडते. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वास यायला लागला तर थांबून दहा मिनिटं थंड होऊ द्या, पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. आंधळ्या वळणांवर आपली बाजू सोडू नका. खालून प्रवाशांनी भरलेल्या जीपा रस्त्याच्या मधोमध येतात, आणि बकऱ्या तर कुठूनही.